मोठ्या साइटचं काम मोबाइलवरून कसं जुळवावं

यवतमाळकडच्या आमच्या कालव्याच्या साइटवर एकदा बॉक्स मोरीचं लोखंड बांधून झालं, सेंटरिंग (काँक्रीटचा साचा) लागलं आणि मग कळलं की ड्रॉइंग जुन्या आवृत्तीचं, आर-१ आहे. आर-२ तीन दिवसांपूर्वीच व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं होतं आणि सुप्रभातच्या फुलांखाली गेलं होतं. ऐन मे महिन्यात लोखंड सोडून पुन्हा बांधलं.

म्हणून सुरुवात ड्रॉइंगपासून करा. सॉफ्टवेअर प्रोकोर असो की ऑटोडेस्क कन्स्ट्रक्शन क्लाउड, ड्रॉइंग एकाच जागी हवं. आयएसओ १९६५० या बांधकामाच्या माहितीच्या आंतरराष्ट्रीय मानकात फाइलींच्या चार अवस्था आहेत: काम चालू, इतरांना दाखवलेली, मंजूर आणि संग्रहातली. सुपरवायझरच्या मोबाइलवर फक्त मंजूर फाइल उघडेल अशी परवानगी लावा. फाइलच्या नावात चेनेज (कामाच्या सुरुवातीपासूनचं अंतर), बांधकाम आणि आवृत्ती लिहा: ‘१२-४५०_मोरी_आर२’. जुनी आवृत्ती पुसू नका, बिलाच्या वादात तीच कामी येते. अपलोडचा अधिकार मात्र एकाच माणसाकडे ठेवा.

मग आरएफआय. हायवेवाल्यांसाठी हा तपासणीचा अर्ज (रिक्वेस्ट फॉर इन्स्पेक्शन), इमारतवाल्यांसाठी शंका विचारायचा कागद (रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन). तुमच्याकडे अर्थ कुठला, ते पहिल्याच बैठकीत ठरवा, नाहीतर दोघंही एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसतात. काँक्रीट ओतण्याआधी सळ्यांवर टेप धरून फोटो काढा, म्हणजे अंतर वाचता येतं. नुसत्या जाळीच्या फोटोवरून काही कळत नाही. त्याच नोंदीत क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याचा नंबर टाका आणि ७ व २८ दिवसांच्या मजबुतीच्या टेस्टची आठवण लावा.

रेंजचं काय? सकाळी ऑफिसच्या वायफायवर त्या दिवसाची ड्रॉइंग डाउनलोड करून निघा, साइटवर ऑफलाइन नोंदी करा, संध्याकाळी परत येऊन सिंक करा. पंचेचाळीस डिग्रीत मोबाइल तापून बंद पडतो, तो जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

वेळापत्रकात पावसाळा आधीच मांडा. काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर हायवा (डंपर) रुततो, त्यामुळे खडी-वाळू कधी पडणार ते मे महिन्यातच सगळ्यांना दिसायला हवं.

मुकादमाला ॲप शिकवायला अर्धा तास पुरतो. आमचा मुकादम आता सळईला हात लावण्याआधी मोबाइल पुढे करतो: “सायेब, हे आर-दोनच हाय नं? मंग बांधतो.”