थरच्या वाळवंटात जोडीने दिवसभर चालायचे असेल तर

पुण्याहून जैसलमेरला जाणारी बहुतेक जोडपी सम किंवा खुरीच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटाची फेरी मारून परततात. हेच वाळवंट दिवसभर पायी अनुभवावे असे मला मनापासून वाटते. मात्र त्याची तयारी सह्याद्रीतल्या तयारीहून वेगळी आहे.

कात्रज ते सिंहगड ही वाट पुरी केलेल्या जोडप्याला चालण्याची धास्ती नसते. तरीही तिथे पाय मुरुमावर आणि कातळावर पडतो, तर सैल वाळूत प्रत्येक पाऊल थोडे मागे घसरते आणि तेवढ्याच अंतराला जवळजवळ दुप्पट श्रम पडतात. म्हणून पहिल्या खेपेला 12 ते 15 किलोमीटरच ठरवावेत. डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पुण्याच्या मानाने दिवस अर्ध्या तासाहून अधिक लहान असतो, हे वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे. सीमेलगतच्या अधिसूचित भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे वाट आधी स्थानिक वाटाड्याकडून पक्की करून घ्यावी आणि शक्यतो त्याला सोबत न्यावे.

पाणी माणशी किमान 5 लिटर घ्यावे. हे दहा किलोंचे ओझे एकाच्याच पाठीवर देऊ नये, कारण ती सॅक फुटली किंवा दोघांची चुकामूक झाली, तर दुसऱ्याकडे घोटभरही उरत नाही. नुसते पाणी पीत राहिल्यास घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही; एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेली एक बाटली प्रत्येकाजवळ असावी. खाण्यासाठी दशम्या आणि गूळ-शेंगदाणे पुरतात.

वाऱ्याच्या दिशेकडचा उतार मंद आणि घट्ट असतो, तर आडोशाचा उतार उभा आणि भुसभुशीत असतो, म्हणून चढताना नेहमी पहिला उतार धरावा. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात भुरट नावाचे गवत असते. त्याची बारीक काटेरी बोंडे लोकरी मोज्यांत अशी रुततात की बोटांनी काढू गेल्यास काटे बोटांतच मोडतात. घोट्यावर गुळगुळीत कापडाचे गेटर (बुटाच्या वरच्या तोंडापासून पायाभोवती बांधायचे आवरण) बांधावे आणि चिमटा वरच्या कप्प्यात ठेवावा.

जोडीने चालण्याचा खरा उपयोग मात्र एकमेकांकडे पाहण्यात आहे. अंगातले पाणी कमी झाल्याचे ज्याचे त्याला उशिरा कळते, आणि जोडीदाराचा आनंद मोडू नये म्हणून थकलेला माणूस बहुधा बोलतही नाही. त्यामुळे वेग नेहमी हळू चालणाऱ्याने ठरवावा व त्यानेच पुढे राहावे. दर 40 मिनिटांनी थांबून, बुटांतली वाळू झटकून, दोघांनी एकमेकांना थेट विचारावे: डोके दुखते का, शेवटची लघवी कधी झाली, रंग गडद होता का? गप्पा मारणारा एकाएकी गप्प झाला, विनाकारण चिडला किंवा सपाटीवर अडखळला, तर त्याचे म्हणणे काहीही असो, खेजडीच्या (शमीच्या) झाडाच्या सावलीत बसवून त्याला घोट घोट पाणी द्यावे आणि चाल तिथेच संपवावी. तो असंबद्ध बोलू लागला तर उष्माघात समजून अंग ओले करावे, वारा घालावा आणि तातडीने गाडी बोलवावी.

परत फिरण्याची वेळ सकाळीच ठरवावी. अर्धे पाणी संपले किंवा दुपारचा एक वाजला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा वळावे. नजरेआड झालात तर शोधत फिरू नये, कारण वाऱ्याने पावलांचे ठसे लवकर बुजतात. दोघांनीही जवळच्या उंच टेकडीवर जाऊन थांबावे आणि दर काही मिनिटांनी तीन शिट्ट्या द्याव्यात.