स्क्वाड्रनचा इतिहास कसा नोंदवावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या निवृत्त वायुसैनिकांच्या आठवणी लिहून घेताना आधी स्क्वाड्रनचा (वायुदलातल्या विमान-तुकडीचा) क्रमांक विचारा, विमान नंतर. क्रमांक टिकतो; विमान आणि तळ बदलतात. १४ स्क्वाड्रन १९५१ मध्ये स्पिटफायर या लढाऊ विमानावर उभी राहिली, पुढे तिच्याकडे व्हॅम्पायर, हंटर आणि १९७९ मध्ये हरियाणातल्या अंबाला तळावर जॅग्वार विमानं आली. १९६५ च्या युद्धात मात्र तिचे हंटर पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळावरून उडत होते. निव्वळ तळावरून स्क्वाड्रन ठरवलीत तर हमखास चुकाल.

वहीत चार रकाने आखा: वर्ष, विमान, तळ, सांगणाऱ्याचं काम. शेवटचा गाळू नका. इंजिनाचं फिटरला विचारा, बॉम्ब-रॉकेटचं आर्मररला, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्याला. हल्ल्याचं लक्ष्य आणि वेळ वैमानिकाच्या लॉगबुकातून (उड्डाणांच्या नोंदवहीतून) घ्या. फिटर, आर्मरर अशा जमिनीवरच्या माणसांची नावं छापील इतिहासात क्वचितच येतात, म्हणून ती आवर्जून लिहा. लॉगबुकाचा फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून काढा. चकाकीत आकडे वाचता येत नाहीत.