जर्मनीतलं पीठ आणि वातड पोळ्या: माझा अनुभव

लेक म्युनिकला गेल्यापासून व्हिडिओ कॉलवर एकच रड: "आई, पोळ्या वातड होतात गं." इथे ठाण्यात कसं, जांभळी नाक्यावरून लोकवन आणायचा, निवडायचा, गिरणीवाल्याला "जरा बारीक दळ रे" म्हटलं की विषय संपला. तिथे कुठली आलीय गिरणी!

शेवटी तिला पिठाचे पुडे कॅमेऱ्यासमोर धरायला लावले. प्रत्येकावर एक आकडा: ४०५, ५५०, १०५०. जावयाने उलगडा केला. १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर जितके मिलिग्रॅम राख उरते, साधारण तो हा आकडा. राख जास्त म्हणजे कोंड्याचा अंश जास्त. ती आणत होती ४०५, म्हणजे जवळजवळ आपला मैदाच. पोळी वातड होणारच! 'फोलकॉर्न' अख्ख्या गव्हाचं, पण त्यात कोंडा जाडसर. लाटताना कडा फाटतात.

मग असं ठरवलं: १०५० दोन वाट्या, चाळलेलं फोलकॉर्न एक वाटी, चमचाभर तेल, कोमट पाणी. कणीक सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवायची. घाईत हे टाळलं तर सगळं मुसळ केरात. पुढच्या कॉलवर बाईसाहेबांनी टम्म फुगलेली पोळी दाखवली. इंडियन स्टोअरमध्ये आटा मिळतो, पण त्यासाठी सारखं गावभर कोण फिरणार?

रविवारी तिथे दुकानं बंद, म्हणून पीठ शनिवारीच भरून ठेवते. रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या मशीनमध्ये टाकून २५ सेंट परत मिळवायचे, ते खातं जावईबापूंकडे.