ध्येय ठरवताना आणि ते तडीस नेताना

नवे ध्येय ठरवताना माणूस बहुधा सगळा विचार ‘काय मिळवायचे’ या एकाच प्रश्नावर खर्च करतो. ते केव्हा करायचे, कुठे बसून करायचे आणि एखाद्या दिवशी जमले नाही तर पुढे काय, हे प्रश्न ऐन वेळेवर सोडले जातात. आणि ऐन वेळी तो थकलेला असतो, घाईत असतो किंवा दुसऱ्याच चिंतेत गुंतलेला असतो. अशा क्षणी घेतलेला निर्णय जवळजवळ नेहमी ‘आज राहू दे, उद्या बघू’ असाच निघतो. संकल्प मोडला की आपण स्वतःला आळशी ठरवतो आणि इच्छाशक्तीला दोष देतो. माझे मत वेगळे आहे. जे निर्णय आधी शांतपणे घ्यायला हवे होते ते शेवटच्या क्षणावर टाकले जातात, म्हणून बहुतेक संकल्प मोडतात. पुढे दिलेली पद्धत हे निर्णय आधीच उरकून ठेवण्याची आहे. त्यासाठी एक वही, एक पेन आणि सुरुवातीला निवांत असा एखादा तास पुरेसा आहे.

ध्येये मोजकीच ठेवा

वहीच्या पहिल्या पानावर मनात असलेली सगळी ध्येये लिहून काढा: नवी भाषा शिकणे, वजन कमी करणे, अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम पूर्ण करणे, बचत वाढवणे, जे काही असेल ते. मग त्यांतील एक, फार तर दोन निवडा आणि बाकीची दुसऱ्या पानावर ‘नंतर’ या शीर्षकाखाली हलवा. निवड करताना प्रत्येक ध्येयाला एक प्रश्न विचारावा: हे साध्य झाल्याचे कोणालाच कधी कळणार नसेल, तरीही मला ते हवे आहे का? उत्तर द्यायला मन कचरत असेल, तर ते ध्येय बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी आहे. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेल्या अभ्यासांत असे दिसले की, स्वतःच्या आवडीशी आणि मूल्यांशी जुळणाऱ्या ध्येयांसाठी माणसे अधिक काळ टिकून प्रयत्न करतात; केवळ दडपणापोटी किंवा अपराधी भावनेपोटी घेतलेल्या ध्येयांच्या बाबतीत हा प्रयत्न लवकर ओसरतो.

शब्द नेमके असू द्या

एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली आणि पुढे गॅरी लेथम यांच्या साथीने अनेक दशके केलेल्या कामाचा निष्कर्ष असा आहे की, ‘जमेल तितके कर’ असे सांगितल्यापेक्षा नेमके आणि काहीसे अवघड ध्येय दिल्यावर माणसाची कामगिरी सरस होते. कारण सरळ आहे. ‘जमेल तितके’ या शब्दांत कितीही थोडे काम बसवता येते. म्हणून ‘वाचन वाढवायचे’ याऐवजी ‘या विषयावरील निवडलेली सहा पुस्तके वर्षअखेरपर्यंत पूर्ण वाचायची’ असे लिहावे.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. काम अगदी नवे आणि गुंतागुंतीचे असेल, तर सुरुवातीलाच अवघड निकालाचे लक्ष्य ठेवल्याने गोंधळ वाढतो. अशा वेळी पहिले काही आठवडे निकालाऐवजी शिकण्याचे ध्येय ठेवावे, उदाहरणार्थ, ‘हे काम करण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती समजून घेईन आणि करून पाहीन’.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे निकाल आणि कृती यांतील फरक. वजन किती उतरेल किंवा परीक्षेत किती गुण मिळतील हे पूर्णपणे आपल्या हातात नसते. आठवड्यातून चार दिवस चालायला जाणे किंवा रोज दोन प्रश्न सोडवणे आपल्या हातात असते. म्हणून निकाल पानाच्या वरच्या ओळीत लिहावा आणि त्याच्या खाली तो ज्या कृतीतून येणार आहे ती कृती लिहावी. इथून पुढचा सगळा पाठपुरावा त्या खालच्या ओळीचा करायचा आहे.

जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली सुचवलेल्या ‘स्मार्ट’ या नावाच्या कसोट्या (ध्येय नेमके, मोजता येणारे, मुदतीचे आहे का, अशा) आज सर्वत्र वापरल्या जातात. त्या मुळात कंपन्यांतील व्यवस्थापकांसाठी लिहिलेल्या होत्या. ध्येयाची शब्दरचना तपासायला त्या उपयोगी पडतात, पण दिवसभराचे काम संपवून थकून आल्यावर नेमके काय करायचे, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. तिथे पुढची पायरी लागते.

केव्हा आणि कुठे, हे आजच ठरवा

माझ्या मते या संपूर्ण पद्धतीतील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, आणि सर्वाधिक वेळा वगळली जाते तीही हीच.

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ‘जर-तर’ स्वरूपाच्या, म्हणजे ‘अमुक घडले, तर मी तमुक करेन’ अशा योजनांचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९९७ साली त्यांनी आणि व्हेरोनिका ब्रँडश्टेटर यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक छोटा अहवाल लिहून ४८ तासांच्या आत पाठवायचा होता. त्यांतील काहींना, अहवाल केव्हा आणि कुठे बसून लिहिणार, एवढेच आधी लिहून द्यायला सांगितले होते. त्या गटातील सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अहवाल वेळेत लिहिला. ज्यांना असे ठरवायला सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश राहिले. अहवाल लिहिण्याची तयारी दोन्ही गटांनी दाखवली होती, हे लक्षात घ्यावे.

सॅरा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांचा २००२ सालचा अभ्यास याहूनही बोलका आहे. आठवड्यात किमान एकदा वीस मिनिटे व्यायाम करायचा, इतकेच उद्दिष्ट होते. काहीही विशेष न सांगितलेल्या गटातील ३८ टक्के लोकांनी तो केला. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो हे समजावून सांगितले. त्यांचा निश्चय वाढला, पण प्रत्यक्षात ३५ टक्केच लोकांनी व्यायाम केला. तिसऱ्या गटाने हीच माहिती ऐकली आणि शिवाय दिवस, वेळ व ठिकाण लिहून ठेवले. त्यांच्यातील ९१ टक्के लोकांनी व्यायाम केला. उत्साह वाढवणारी भाषणे ऐकून काही काळ बरे वाटते आणि काम मात्र तिथेच राहते, असा अनुभव ज्यांना येतो, त्यांनी हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत.

आता ही योजना लिहायची कशी, ते पाहू. तिचे दोन भाग असतात: एक खूण आणि तिला जोडलेली एक कृती. खूण घड्याळाच्या वेळेची असू शकते, पण रोज हमखास घडणारी एखादी घटना मला अधिक भरवशाची वाटते. ‘संध्याकाळी अभ्यास करेन’ ही योजना नव्हे, कारण संध्याकाळ पुष्कळ लांब असते आणि तिच्यात केव्हाही ‘थोड्या वेळाने’ म्हणता येते. ‘रात्रीच्या जेवणानंतर भांडी आवरून झाली की मी खिडकीजवळच्या टेबलापाशी बसेन आणि वही उघडेन’ ही योजना आहे. येथे कृती मुद्दाम लहान ठेवली आहे. वही उघडल्यानंतरचे काम बहुधा आपोआप सुरू होते. अडते ते उठून टेबलापर्यंत जाण्यातच. आदल्या दिवशीच वही आणि पेन टेबलावर मांडून ठेवले, तर तोही एक निर्णय कमी होतो. एका कृतीसाठी एकच खूण ठेवावी आणि ती खूण खरोखर रोज घडते का, याची तीन-चार दिवस पाहणी करून मगच ती पक्की करावी.

अडथळा आधीच ओळखा

यशाची गोड चित्रे रंगवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मन सुखावते, पण गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनातून वेगळेच चित्र समोर येते. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातील स्त्रियांविषयी त्यांनी थॉमस वॅडन यांच्यासोबत १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यशाची खात्री बाळगणाऱ्यांचे वजन अधिक उतरले. मात्र सारे काही विनासायास पार पडेल अशी दिवास्वप्ने रंगवणाऱ्यांचे वजन तुलनेने कमी उतरले. ओटिंगेन यांनी सुचवलेला उपाय असा: इच्छित परिणाम मनासमोर आणावा, आणि लगेच त्याच्या वाटेत उभा असलेला स्वतःचा अडथळाही तितक्याच स्पष्टपणे समोर आणावा.

हा अडथळा लिहिताना प्रामाणिक राहावे लागते. ‘वेळ मिळत नाही’ हे उत्तर बहुतेकांच्या वहीत पहिल्यांदा येते आणि ते क्वचितच पुरेसे असते. थोडे खोलवर पाहिले तर ‘घरी आल्यावर मोबाइल हातात घेतला की तासभर जातो’ किंवा ‘पहिला प्रयत्न वाईट होईल या भीतीने मी सुरुवातच टाळतो’ असे काहीतरी सापडते. ते सापडले की त्याचीही जर-तर योजना करता येते: ‘घरात आल्यावर मोबाइल हातात घ्यावासा वाटला, तर तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून मगच बसेन.’

मुदत ठरवताना जुना अनुभव विचारा

रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल याचा अंदाज विचारला. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. सगळे काही बिघडले तर किती दिवस लागतील, असेही विचारले होते, आणि तो सरासरी अंदाजसुद्धा प्रत्यक्षापेक्षा कमीच भरला. म्हणून मुदत ठरवताना ‘किती दिवसांत व्हायला हवे’ याऐवजी ‘यापूर्वी अशा कामाला मला खरोखर किती दिवस लागले होते’ हे आठवावे आणि तेवढेच दिवस धरावेत.

नोंद ठेवा, पण डांगोरा पिटू नका

बेंजामिन हार्किन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. प्रगतीवर लक्ष ठेवल्याने ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, आणि ही प्रगती लिहून ठेवली किंवा दुसऱ्यापुढे मांडली तर परिणाम अधिक होतो, असे त्यांना आढळले. नोंद अगदी साधी असावी: तारीख, कृती झाली की नाही, आणि नसेल झाली तर कारणाचे चार शब्द. ती त्याच दिवशी करावी. आठवडाभराची नोंद रविवारी आठवून भरली तर ती आपल्या सोयीची होते.

दुसऱ्यापुढे मांडणे याचा अर्थ सर्वांना संकल्प सांगत सुटणे असा घेऊ नये. गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगांत, आपल्या ओळखीशी जोडलेला निश्चय इतरांनी ऐकून घेतल्यावर माणसे त्यासाठी कमी काम करताना दिसली, कारण कौतुक आधीच पदरात पडलेले असते. म्हणून विश्वासातील एकाच व्यक्तीची निवड करावी आणि तिला पुढचे बेत न सांगता दर आठवड्याला झालेले काम दाखवावे.

खंड पडल्यावर

खंड पडणारच आहे, हे गृहीत धरून त्याची तयारी करावी. २१ दिवसांत सवय लागते ही समजूत फार पसरली आहे आणि तिने पुष्कळांचे नुकसान केले आहे. बाविसाव्या दिवशीही काम जड वाटले की माणूस स्वतःतच खोट शोधू लागतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात, सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता, आणि व्यक्तीनुसार व कृतीनुसार तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला दिसला. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यावर फारसा परिणाम झाला नाही, हेही त्याच अभ्यासात आढळले. खरे नुकसान होते ते चुकलेल्या दिवसानंतरच्या ‘आता मोडलेच आहे, तर राहू दे’ या विचाराने.

त्यावरचा इलाज म्हणजे कृतीचे सर्वांत लहान रूप आधीच लिहून ठेवणे. रोजचे अर्ध्या तासाचे वाचन असेल तर वाईट दिवसाचे रूप एक पान. चार किलोमीटर चालणे असेल तर घराबाहेर पडून दहा मिनिटे. आजारपण, प्रवास किंवा घरातील अडचण यांच्या दिवसांत एवढेच करायचे आणि तो दिवस पूर्ण झाला असे मानायचे. पुन्हा सुरुवात करायला सोमवार किंवा महिन्याची पहिली तारीख सोयीची वाटते हे खरे आहे, पण त्यासाठी मधले दिवस वाया घालवू नयेत.

आढावा, आणि सोडण्याचा निर्णय

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पंधरा मिनिटे नोंदी वाचाव्यात. कृती किती वेळा झाली, सर्वाधिक वेळा कशामुळे चुकली आणि खूण किंवा जागा बदलायला हवी का, एवढेच पाहावे. लागोपाठ तीन आठवडे एकाच कारणाने काम चुकत असेल, तर योजना चुकीची आहे असे समजून ती पुन्हा लिहावी. अधिक निश्चय करण्याने तिथे काही बदलत नाही.

काही ध्येये सोडावीही लागतात. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवल्याप्रमाणे, आवाक्याबाहेर गेलेले ध्येय सोडून दुसऱ्याकडे वळू शकणारी माणसे मानसिकदृष्ट्या अधिक सुस्थितीत असतात. पण हा निर्णयही थकलेल्या रात्रीवर सोपवू नये. ध्येय लिहितानाच, कोणत्या परिस्थितीत ते थांबवायचे आणि त्याचा फेरविचार कोणत्या तारखेला करायचा, हे त्याच पानावर लिहून ठेवावे. त्या तारखेपर्यंत सोडण्याचा विचार मनात आला तर तो वहीत नोंदवावा आणि काम चालू ठेवावे. ती तारीख उजाडली की सगळ्या नोंदी समोर ठेवून निर्णय घ्यावा, आणि ध्येय सोडायचे ठरले तर ‘नंतर’च्या पानावरचे पुढचे ध्येय घेऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.