८३ किलो की ८३ लिटर? कारखान्याच्या लॅबमधलं एककांचं गणित

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात आई डेअरीला दूध घालायची ते लिटरवर. तेच दूध पुढं संघाकडं गेलं की हिशेब किलोत. ४० लिटरच्या कॅनचे ४१ किलो २०० ग्रॅम, कारण दुधाच्या एका लिटरचं वजन १.०३ किलो धरतात. चौथीत असताना हे मला पाठ होतं. शिवाजी विद्यापीठातून केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा नेमकं हेच विसरले.

पहिलाच गाळप हंगाम होता. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रस आटवणाऱ्या भांड्याच्या, नळ्यांत बसलेलं स्केल (कडक थर) काढायला कॉस्टिक सोड्याचं द्रावण उकळतात. हजार लिटर द्रावण करायचं होतं, लिटरला ४० ग्रॅम कॉस्टिक. स्टोअरमध्ये ४८ टक्क्यांची लाय, म्हणजे कॉस्टिकचं दाट द्रावण, होती. मी वहीत मांडलं: एकूण कॉस्टिक ४० किलो, भागिले ०.४८, म्हणजे ८३. आणि मापून ८३ लिटर लाय टाकीत सोडायला सांगितली.

नमुना आला. दहा मिलिलिटर पिपेटनं घेतला, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले आणि एक नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक ॲसिडची ब्युरेट उघडली. कॉस्टिकचं लिटरला ४० ग्रॅम म्हणजे बरोबर एक नॉर्मल, तेव्हा दहा मिलिलिटर ॲसिडच्या आसपास गुलाबी रंग जायला हवा होता. अकरा झाले, बारा झाले, रंग तसाच. पंधराला गेला. मी पुन्हा केलं, पुन्हा पंधरा. शेजारी उभ्या असलेल्या सिनिअर केमिस्टांनी वही ओढून घेतली, ८३ वर पेन्सिल टेकवली आणि एवढंच विचारलं, "हे ८३ काय हाय? किलो का लिटर?"

ते किलो होते. लायच्या लेबलवरचे ४८ टक्के वजनाचे असतात: १०० किलो लायमध्ये ४८ किलो कॉस्टिक. तिची घनता १.५१, म्हणजे ८३ किलो लाय मापात भरते फक्त ५५ लिटर. मी ८३ लिटर ओतल्यावर टाकीत ४० ऐवजी ६० किलो कॉस्टिक गेलं. टाकी मोठी होती म्हणून आणखी ५०० लिटर पाणी घालून द्रावण जागेवर आणता आलं. वीस किलो कॉस्टिक मात्र उगाच वापरलं गेलं, आणि गरम कॉस्टिकजवळ माणसं काम करत होती याची भीती मला आजही वाटते.

तेव्हापासून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सवय लावते. टक्के दिसले की लगेच शेजारी लिहायचं: कशातले किती? किलोत किलो, की लिटरमध्ये ग्रॅम? वजनाकडून मापाकडं जायचं असेल तर घनतेनं भागायचं, मापाकडून वजनाकडं यायचं तर गुणायचं. घनता ग्रॅम प्रति मिलिलिटर असो वा किलो प्रति लिटर, आकडा तोच राहतो. किलो प्रति घनमीटर हवी असेल तेव्हा हजारनं गुणा. प्रत्येक पायरीवर एकक लिहा, नुसता आकडा वहीत ठेवू नका.

रसातले विरघळलेले पदार्थ मोजायच्या ब्रिक्सचंही तसंच. २० ब्रिक्सचा रस म्हणजे १०० ग्रॅम रसात २० ग्रॅम विरघळलेले पदार्थ. नवीन मुलं त्यावरून लिटरला २०० ग्रॅम धरतात. पण त्या रसाची घनता १.०८१ असते, म्हणून लिटरमध्ये २१६ ग्रॅम निघतात. स्पिंडल, म्हणजे ब्रिक्स मोजायची तरंगती काचेची नळी, सोडण्याआधी सिलिंडरमधला फेस जाऊ द्या, थर्मामीटर बुडवा आणि स्पिंडलवर कोणतं तापमान छापलंय ते बघा. काहींवर २० असतं, काहींवर २७.५. रस त्याहून गरम असेल तर पातळ पडतो, स्पिंडल जास्त बुडतो आणि ब्रिक्स कमी दिसतो; तक्त्यातली दुरुस्ती मिळवावी लागते. बोमे हे घनतेचं आणखी एक माप, पण ते टक्के नव्हेत. १४५ मधून बोमेचा आकडा वजा करा आणि १४५ ला त्यानं भागा, विशिष्ट गुरुत्व मिळतं. १५ बोमेचं १.११५.

पीपीएमला, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग याला, मात्र जरा थांबा. सांडपाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम हे चालतं, कारण पाण्याचा लिटर जवळपास एक किलोचा. साखरेतला सल्फर डायऑक्साइड किलोमागं मोजतात. आणि मोलॅसिसची घनता १.४ च्या आसपास असते, तिथं लिटरला १४०० मिलिग्रॅम म्हणजे किलोला १०००. इथं दोन्ही एकच धरलं तर रिपोर्ट चाळीस टक्के चुकतो.

मुलाखतीला जाणार असाल तर एक गणित तोंडपाठ नको, हातात बसू दे: ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडची नॉर्मॅलिटी. घनता १.८४, म्हणून लिटरचं वजन १८४० ग्रॅम. त्यातलं ॲसिड १८०३ ग्रॅम. भागिले ४९ (सल्फ्युरिक ॲसिडचं इक्विव्हॅलंट वजन), म्हणजे ३६.८ नॉर्मल. एक लिटर एक नॉर्मल करायला साधारण २७ मिलिलिटर लागतं. आणि ते सांगताना ॲसिड पाण्यात सोडेन, पाणी ॲसिडमध्ये ओतणार नाही, हेही स्वतःहून सांगा.