पीएच.डी.ची मुलाखत: फळ्यासमोर उभं राहण्याआधी

नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघाली की गड सर झाला असं समजून बरीच मुलं मुलाखतीची तयारी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. ही चूक महागात पडते. विद्यापीठात नेटवर पीएच.डी.ला प्रवेश घेताना जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते, जेआरएफ न मिळता पीएच.डी.साठी पात्र ठरलेल्यांचे नेटचे 70 टक्के आणि मुलाखतीचे 30 टक्के धरतात.

आवडता विषय कोणता, हे बहुधा सुरुवातीलाच विचारतात. दोनच विषय सांगा, पण मुळापासून येणारे. ‘क्वांटम’ म्हणालात तर खडू हातात देऊन खोक्यातल्या कणाच्या ऊर्जापातळ्या काढायला लावतील. मग खोकं दुप्पट रुंद केलं तर? ऊर्जा चौथाई होते. ते ‘का’ हेही सांगता आलं पाहिजे.

खरी कसोटी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवर लागते. समजा, द्राक्षाच्या चोथ्याचा इथेनॉलमध्ये अर्क काढलात, कागदाच्या छोट्या डिस्कवर घेतलात आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर तिच्याभोवती 12 मिलिमीटरचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेला गोल, आला. पॅनल विचारेल, नुसत्या इथेनॉलची डिस्क ठेवली होती का? इथेनॉल स्वतःच जंतू मारतं. ती डिस्क नसेल तर झोन अर्कामुळेच आला असं म्हणता येत नाही. अशा वेळी सारवासारव करू नका. ‘तो कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची नुसत्या इथेनॉलची डिस्क, राहिला, आता करायचं तर डिस्क पूर्ण सुकवून दोन्ही शेजारी ठेवेन,’ असं सरळ सांगा. चूक ओळखणारा विद्यार्थी पॅनलला हवाच असतो. रिपोर्टमधला प्रत्येक आकडा, प्रत्येक आलेख असा स्वतःच उलटतपासून पाहा.

अडलात तर गप्प उभं राहू नका. डोक्यात चाललंय ते बोला, म्हणजे त्यांना पुढचा धागा देता येतो. माहीत नसेल तर तसं म्हणा. इंग्रजी साधं चालतं, पण बोलायची सवय हवी: महिनाभर रोज अर्धा तास मित्राला समोर बसवून फळ्यावर शिकवा.

मूळ गुणपत्रिका आणि रिपोर्टची छापील प्रत सोबत ठेवा. नाशिकहून कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत सकाळी नऊला हजर व्हायचं असेल तर पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नका. ती नाशिकरोडहून सातच्या सुमारास सुटते आणि सीएसएमटीला पोचेपर्यंत दहा वाजून जातात. आदल्या दिवशीच निघा. पुण्याला आयसर या विज्ञान संस्थेत जाणाऱ्यांनीही तेच करावं, वाटेत चाकणला गाडी किती वेळ अडकेल याचा नेम नसतो.