मर्डस्टनच्या घरातला डेव्हिड मुलांना कसा वाचून दाखवाल

चार्ल्स डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' सातवी-आठवीच्या मुलांना वाचून दाखवायची असेल, तर छडीच्या प्रसंगापासून सुरुवात करू नका. कोथरूडला आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी सोसायटीतली मुलं जमतात, त्यांच्याबरोबर मी ही कादंबरी वाचते. मार काय असतो हे मुलांना सांगावं लागत नाही. स्वतःचं घर हळूहळू परकं कसं होतं, हे कळायला मात्र त्यांना वेळ द्यावा लागतो.

पहिली बैठक सावत्र बाप मर्डस्टन येण्याआधीच्या घरासाठी ठेवा. वडील डेव्हिडच्या जन्माआधी सहा महिने गेलेले. घरात तरुण, भाबडी आई क्लारा आणि मोलकरीण पेगटी. ही पेगटी डेव्हिडला इतकं घट्ट कवटाळते की तिच्या झग्याची बटणं तुटून उडतात! हे नक्की वाचा, मुलांचा जीव तिच्यावर इथेच जडतो. पुढे डेव्हिड तिच्याबरोबर यारमथला, तिच्या भावाच्या घरी जातो, पंधरा दिवसांनी परततो, तर घरात नवे 'बाबा'. आई त्याला जवळ घ्यायला उठते आणि मर्डस्टन तिला बजावतो, स्वतःला आवर. डेव्हिडची झोपायची खोली बदललेली असते. अंगणातल्या रिकाम्या कुत्राघरात आता एक मोठा काळा कुत्रा असतो, आणि तो त्याच्या अंगावर धावून येतो. इथे पुस्तक मिटा. 1849 च्या मे महिन्यात पहिला मासिक भाग इथेच संपला होता आणि वाचक महिनाभर थांबले होते. आपली मुलं आठवडाभर थांबतील.

दुसऱ्या बैठकीत किल्ल्या. मर्डस्टनची बहीण जेन येते आणि दुसऱ्याच दिवशी क्लाराकडून घराच्या किल्ल्या काढून घेते. मुलांना विचारा, तुमच्या घरी कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे असतात? प्रत्येकाकडे उत्तर असतं, मग किल्ल्या जाणं म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. 'आई घर सोडून का जात नाही?' हा प्रश्न हमखास येतो. टाळू नका. त्या काळी इंग्लंडात बाईनं लग्न केलं की तिचे पैसे, दागिने कायद्यानं नवऱ्याचे होत. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे 1870 आणि 1882 मध्ये आले.

आता धड्यांचा प्रसंग, आणि इथे घाई अजिबात नको. डेव्हिड आईपुढे धडा म्हणतोय, दोघं मर्डस्टन भावंडं बघत बसलीत. तो अडखळतो. आई नुसते ओठ हलवून त्याला पुढचा शब्द सुचवू पाहते आणि तेवढ्यात जेनचा आवाज येतो, 'क्लारा!' माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात क्रूर जागा हीच. हातात छडी नाही, तरी पोराची शेवटची मदत काढून घेतली. मग मर्डस्टनचं तोंडी गणित येतं: साडेचार पेन्सला एक अशी पाच हजार चीज घेतली, तर पैसे किती? बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, एवढं सांगून मुलांना ते सोडवायला लावा आणि मिनिटभर काही न बोलता त्यांच्या पाठीशी उभे राहा. आमच्याकडचा एक मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही मागे उभ्या राहिलात ना, मला बाराचा पाढाच आठवेना." (उत्तर 93 पौंड 15 शिलिंग. आधी करून ठेवा.)

मारहाण साध्या आवाजात वाचा, अभिनय नको. डेव्हिड मर्डस्टनच्या हाताला चावतो तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात, वाजवू द्या. त्यानंतर पाच दिवस खोलीत कोंडलेला डेव्हिड आणि शेवटच्या रात्री किल्लीच्या भोकातून कुजबुजणारी पेगटी वाचल्याशिवाय बैठक संपवू नका. दाराच्या दोन बाजूंना दोन मुलं बसवून हा संवाद म्हणवून घ्या.

गटात कुणाला सावत्र वडील असतील तर आधीच सांगा, की याच कादंबरीत पेगटीचा भाऊ पुतण्या हॅम आणि भाची एमिली या दोन पोरक्या मुलांना पोटच्या पोरांसारखं वाढवतो. वाचताना एखादं मूल गप्प झालं तर सगळ्यांदेखत विचारू नका. मागे थांबवून घ्या, त्याच्या कलानं बोलू द्या. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. घरात मारहाण होत असेल, तर चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 हा फोन मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

आणि या मारहाणीच्या, चौथ्या प्रकरणावर कधीही थांबू नका. चौदाव्यात डेव्हिडच्या वडिलांची आत्या बेट्सी मर्डस्टन भावंडांना तोंडावर सुनावते आणि डेव्हिडला ठेवून घेते, तिथपर्यंत मुलांना नेणं हे आपलं काम आहे. अप्पा बळवंत चौकात संक्षिप्त आवृत्ती घेणार असाल, तर पैसे देण्याआधी दुकानातच पाहा, शाळेतून सुट्टीवर आलेल्या डेव्हिडचं डोकं आई तान्ह्या भावाशेजारी स्वतःच्या छातीवर टेकवते, तो प्रसंग ठेवलाय का. नसेल तर दुसरी घ्या.